तस्तातलं पाणी

मी डोळ्यांची डॉक्टर. कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, नेत्रविभागात, नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. शेजारच्या बायका मला विचारायच्या, "पू, रक्त, चिघळलेले डोळे दिवसभर बघून तुम्हांला घास कसा हो उतरतो?" उतरायचा. दवाखान्यातून घरी आले की हात धुऊन मी तडक पाटावर बसायची. रोगाची किळस मला कधी आली नाही. रोगाकडून कुणी सभ्यपणाची अपेक्षा ठेवत नाही. मला भडभडून उलटी झाली ती एका निरोगी माणसाच्या बोलण्यामुळे, आणि ती हकिगत सांगायची तर पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेपासून सुरुवात करावी लागेल.

त्या शाळेत थंडीच्या दिवसांत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. थंडीत जखम चिघळत नाही अशी समजूत असल्यामुळे सगळी शिबिरं थंडीतच व्हायची. खेड्यात डोळ्यांचा डॉक्टर नव्हता. मोतीबिंदू झालेलं माणूस भिंतीला टेकून बसायचं ते बसूनच राहायचं. त्यामुळे शिबिर म्हटलं की जत्रेसारखी गर्दी. कर्णा, मांडव, शिऱ्याची कढई, पताका. हे शिबिर भरवलं होतं त्या भागातल्या एका पुढाऱ्यानं. दोन-तीन सोसायट्या त्यांच्या हातात होत्या, म्हणून सगळा गाव त्यांना चेअरमनच म्हणायचा. ऑपरेशनं करायला बाहेरून एक नामांकित सर्जन येणार होते. हाताला फार वेग, एका दिवसात कुणी करणार नाही इतके डोळे करतात, अशी त्यांची ख्याती होती. आमच्या विभागाकडे चेअरमननी एवढंच मागितलं होतं की आधी रोगी तपासून, कुणाचा कोणता डोळा करायचा हे ठरवायला एक डॉक्टर द्या. आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आलेले, भांडणाला घाबरणारे गृहस्थ. त्यांनी मला धाडलं.

मी वडाच्या पारावर टेबल टाकून सकाळीच कामाला बसले. माणसं एकामागून एक येत होती. बॅटरीनं डोळा बघायचा, नाडी बघायची, खोकला आहे का विचारायचं आणि जो डोळा करायचा त्याच्या वर, भुवईवर, चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. म्हणजे आत टेबलावर घोटाळा होत नाही.

त्या रांगेत एक गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत चढवून त्याचा गूळ करणारा कारागीर. साठी उलटलेला, काटक, अंगात काळी बंडी, आणि सोबत त्याची बायको.

"मामा, किती दिवस दिसत नाही?"

"दिसतंय की. पर समदं धुक्यात. गेल्या हंगामात गुळाचं आधण करपवलं बघा म्या. जल्मात पयल्यांदा. मालकानं तोंडावर काय बोललं न्हाय, पर यंदा सांगावा बी धाडला न्हाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा जास्त पिकलेला. मी उजव्या भुवईवर पट्टी लावली.

"एकदमच करा की दोन्ही," तो म्हणाला. "सारखं सारखं कोण येणार?"

"नाही मामा. आधी एक. तो बरा झाला, चष्मा लागला, की मग दुसरा. एका वेळी दोन्ही डोळे कधी कापून घ्यायचे नसतात."

"का बरं?"

"काही वाईट झालंच, तर एक तरी हाताशी राहतो."

त्याला ते पटलं असावं. बायको म्हणाली, "बाई म्हणत्यात तसंच करूया." दोघं मांडवाकडं गेली.

दुपारी एका बाईचा रक्तदाब फार वर निघाला म्हणून सर्जनांना विचारायला मी आत गेले. ऑपरेशनं सातवीच्या वर्गात चालली होती. फळ्यावर त्रैराशिकाचं एक गणित तसंच राहिलं होतं. जमीन शेणानं सारवलेली, खिडक्या उघड्या, आणि बाहेर शिऱ्याच्या कढईवर घोंगावणाऱ्या माश्या अधूनमधून आत येत होत्या. दोन बाकं जोडून एक टेबल, अशी दोन टेबलं. एकावर रोगी झोपलेला, दुसऱ्यावर पुढचा तयार. सर्जन एकावरून दुसऱ्यावर वळायचे, मध्ये हातमोजे घातलेले हात एका तामचिनीच्या तस्तात बुडवायचे आणि झटकायचे. तस्तात जंतुनाशक घातलेलं पाणी होतं, म्हणजे सकाळी असावं. मी पाहिलं तेव्हा ते तांबूस झालं होतं, वर पापणीचे केस तरंगत होते, आणि कडेला एक माशी बुडून फुगली होती.

सुरी, चिमटे, कात्री, सगळं एकाच ट्रेमध्ये स्पिरिटमध्ये पडलेलं. एका डोळ्यातून निघालं की त्यात आणि त्यातून निघालं की पुढच्या डोळ्यात. भूल द्यायची सुई एकच. कंपाउंडर ती कापसानं पुसत होता. तो कापूसही तोच. कोपऱ्यात स्टोव्ह होता, त्यावर पाण्याचं भांडं होतं, पण स्टोव्ह गार पडलेला.

मी म्हटलं, "सर, हत्यारं उकळायला मध्ये वेळ ठेवायला हवा. आणि हे पाणी बदलायला हवं."

त्यांनी वर पाहिलंही नाही. मोठ्या सफाईनं एक मोतीबिंदू बाहेर काढला आणि तो जमिनीवर झटकून टाकला. मग म्हणाले, "बाई, पुस्तक नुकतंच वाचून आलेल्या दिसता. बाहेर किती लोक बसलेत पाहिलंत? उकळत बसलो तर इथेच म्हातारा होईन मी. माझ्या हाताला यश आहे. विचारा कुणालाही."

"हाताचं नाही सर, पाण्याचं म्हणतेय मी."

ते हसले. सोबतचे दोन मदतनीसही हसले. मी बाहेर आले आणि चेअरमनना गाठलं. ते मांडवात पाहुण्यांना नारळ देत होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आत फार घाण आहे, उरलेली ऑपरेशनं आज थांबवा, आमच्याकडं कोल्हापूरला पाठवा, मी स्वतः करून देते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पानानं भरलेलं तोंड, पांढरीशुभ्र टोपी. मग माझ्या खांद्याच्या वरून कुणाकडं तरी बघत म्हणाले, "बाई, लई मनाला लावून घेऊ नका. हजारात पाच-धा गेलं तर गेलं. म्हातारी माणसं तशीबी आंधळीच हायती की. आपुन काय त्यांचं कमी करतोय?"

आणि ते हसले. पानाचा लाल रस ओठाच्या कोपऱ्यात आला, तो त्यांनी करंगळीनं पुसला आणि तीच करंगळी धोतराला.

मी पुन्हा पाराकडं आले आणि रांगेतल्या लोकांना घरी जा म्हणू लागले. "आज नको, तुमचा मोतीबिंदू पिकला नाही." लोक चिडले. कर्ण्यावरून कुणी तरी पुकारलं, डॉक्टरीणबाईंची प्रकृती बरी नाही, पुढची तपासणी मांडवात होईल. माझ्या टेबलावरची चिकटपट्टीची गुंडाळी चेअरमनचा एक माणूस उचलून घेऊन गेला. मला जीपमध्ये बसवण्यात आलं. कोडोलीच्या अलीकडं मी ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला उसाच्या बांधावर ओकले. ड्रायव्हर म्हणाला, "ऊन बाधलं जनू, बाई." माझ्या डोळ्यांसमोर तस्त नव्हतं, माशी नव्हती. ती करंगळी होती, आणि कानात ते बोलणं.

दवाखान्यात येऊन मी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "आपण फक्त तपासायला गेलो होतो ना? मग तेवढंच. शिबिर त्यांचं आहे."

पट्ट्या सोडायचा दिवस आला आणि त्या दिवशी दुपारी आमच्या दवाखान्याच्या दारात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. उसाच्या ट्रॉल्या, खाली पाचट पसरलेलं, आणि त्यावर डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं ओळीनं आडवी. सर्जन ऑपरेशनं उरकून शिबिराच्याच संध्याकाळी मोटारीतून पुढच्या शिबिराला गेले होते. मागं पट्ट्या सोडायला एक कंपाउंडर ठेवला होता. त्यानं पहिल्या काही पट्ट्या सोडल्या, आतलं बघितलं आणि सायकल घेऊन पसार झाला. ट्रॉल्या गावकऱ्यांनीच आणल्या.

वॉर्डात खाटा पुरल्या नाहीत. जमिनीवर चटया टाकल्या. मी पट्ट्या सोडू लागले तेव्हा प्रत्येक पट्टीबरोबर तोच आंबूस, गोडसर, कुजका वास यायचा. पापण्या फुगून घट्ट मिटलेल्या. त्या उघडल्या की मधल्या काळ्या बुबुळाच्या जागी पिवळं पांढरं काहीतरी. माणसं विचारत होती, "आता दिसंल न्हवं?" एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, ह्यो सूर्य इतका दुखतुया व्हय गं?" तिला वाटत होतं की दुखतंय ते उजेडामुळे. तिच्या त्या डोळ्याला उजेड नावाची गोष्ट उरलीच नव्हती.

गुळव्या चौथ्या-पाचव्या चटईवर होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या. पट्ट्या सोडल्या तेव्हा दोन्ही भुवयांवर चिकटपट्टीचे तुकडे दिसले.

"मामा, ही दुसरी पट्टी कुणी लावली?"

"चेअरमनच्या माणसानं. म्हणाला, फुकट हाय तवर दोन्ही करून घे. मी म्हणलं, बाईनं एकच सांगितलंय. तर म्हणाला, बाई गेली घरला."

बायको त्याच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, "मी आयकलंय की. आत एक जण दुसऱ्याला सांगत हुता, दोन्ही केलं की आकडा वाढतोय म्हणून. पेपरात द्यायचाय म्हणं आकडा."

त्याचा उजवा डोळा संपला होता. नुसता आंधळा झाला असता तर एक वेळ ठीक, पण आतला पू मेंदूकडं जाण्याची भीती होती. अशा वेळी डोळ्यातलं सगळं खरवडून काढून टाकावं लागतं. डावाही बिघडला होता, पण त्याला बॅटरीचा उजेड कळत होता. त्याच्यासाठी मी तासातासाला औषध घालत राहिले. त्या आठवड्यात मी जी ऑपरेशनं केली, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत घाण कामं. डोळा बरा करण्यासाठी शिकलेले हात, आणि चमच्यानं डोळे कोरत बसायचं. एका माणसाला ते सांगावं लागायचं, मग दुसऱ्याला. गुळव्या म्हणाला, "काढा. कुजलेलं ठेवून काय करायचंय? पर त्या कापणाऱ्या भाड्याला सांगा, मी जित्ता हाय म्हणून."

घरी मी दही खाणं सोडलं. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं नाही. तो कॉलेजात शिकवायचा, त्याला ताटावर असली वर्णनं कशाला ऐकवायची? पण वर्षभर आमच्या घरात माझ्या पानाला दही वाढलं गेलं नाही.

बभ्रा झाला. मग वरून चौकशीला तीन जण आले. त्यांची सोय विश्रामगृहात, आणि जेवणाची सोय चेअरमनच्या ओळखीतल्या एका खानावळीतून. चौकशी आमच्या दवाखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ते तिघं वॉर्डात आले तेव्हा त्यांच्या हातांना अजून मटणाच्या रश्शाचा वास होता. एकानं दात कोरत विचारलं, "यातले बोलण्यासारखे कोण आहेत?" मी गुळव्याकडं बोट दाखवलं. बायकोनं त्याला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.

"मामा, ऑपरेशननंतर तुम्ही डोळ्याला हात लावला होता का?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं.

"हात बांधलं हुतं माझं, पावणं. गोधडीच्या फडक्यानं. समद्यांचंच बांधलं हुतं."

"घरून काही औषध, मध, बाईचं दूध वगैरे घातलं का?"

"घरी गेलोच न्हाय तर घालतो कुठनं?"

"तंबाखू खाता?"

"खातो. तोंडानं. डोळ्यानं न्हाय खात."

वॉर्डात कुणीतरी हसलं. विचारणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. मग मी माझं म्हणणं मांडलं. तस्तातलं पाणी, एकच ट्रे, एकच सुई, गार पडलेला स्टोव्ह, दोन्ही डोळे. ते मान हलवत होते. आमचे प्रमुख खिडकीतून बाहेर बघत होते.

निष्कर्ष आला तो असा, की घडलं ते दुर्दैवी आहे, ग्रामीण रुग्णांच्या वैयक्तिक अस्वच्छतेमुळे जंतुसंसर्ग झाला असावा, आणि यापुढे शिबिरांसाठी काही नियम असणं इष्ट आहे. सर्जनांचं नाव नव्हतं, चेअरमनचंही नव्हतं. वैयक्तिक अस्वच्छता! ज्या माणसानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विहिरीवर दगडानं अंग घासून आंघोळ केली होती, धुतलेली बंडी घालून आला होता, त्याची अस्वच्छता. मी तो कागद टेबलावर टाकला आणि हात साबणानं धुतले. खरंच धुतले. तो कागद मला चिकट वाटला होता.

त्यानंतर नियम मात्र आले. परिपत्रक होतं आणि त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता, हे कबूल करायला हवं. शाळेत, देवळात, मांडवात ऑपरेशन करायचं नाही, नीट शस्त्रक्रियागृहातच करायचं. हत्यारं प्रत्येक रोग्याला वेगळी उकळलेली. एका वेळी एकच डोळा. ज्यानं कापलं त्यानं पट्ट्या सुटेपर्यंत तिथंच राहायचं. मी ते वाचत होते आणि प्रत्येक ओळीला मला एक चटई आठवत होती. हे सगळं आधीच माहीत नव्हतं का कुणाला? आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. ते पुन्हा लिहून काढण्यासाठी एवढे डोळे काढावे लागले.

पण खरी शिसारी पुढंच होती. ते परिपत्रक डॉक्टरांना समजावून सांगायला कोल्हापुरात सभा भरली. हॉल भरलेला, फुलदाण्या, समई. व्याख्यानाचा विषय सुरक्षित नेत्रशिबिर, आणि व्याख्याते म्हणून व्यासपीठावर तेच सर्जन! शाल, श्रीफळ, हार. त्यांनी सुरेख भाषण केलं. "रुग्ण हा आपला देव आहे," म्हणाले. "देवाची पूजा उष्ट्या भांड्यांनी होत नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बालरोगतज्ज्ञांनीही टाळ्या वाजवल्या. भल्या माणसाला काहीच माहीत नव्हतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले.

"सर, त्या शाळेत दिवसभरात तस्तातलं पाणी किती वेळा बदललं होतं?"

त्यांनी मला ओळखलं. चेहरा जराही हलला नाही. म्हणाले, "कोणती शाळा? मी इतकी शिबिरं केली आहेत..."

"सातवीचा वर्ग. फळ्यावर त्रैराशिक होतं. तुम्ही एका माणसाचे दोन्ही डोळे केलेत. तो गुळव्या आहे, अजून जिवंत आहे, आणि तुम्हांला तसा निरोप द्यायला त्यानं मला सांगितलंय."

मागून कुणीतरी खाकरलं. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की वैयक्तिक विषय इथं नकोत, आता चहापान. खुर्च्या सरकल्या. आमचे प्रमुख माझ्याकडं न बघता बाहेर पडले.

चहाच्या टेबलाशी सर्जन माझ्याजवळ आले. अंगाला उंची साबणाचा वास, नखं छान कापलेली. पेढ्यांची थाळी पुढं करत हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात. माझ्याबरोबर शिबिरांना या. नाव होईल. झालं ते झालं, माणूसच आहोत आपण." आणि मी काही बोलण्याआधी त्यांनी माझ्या तळहातावर एक पेढा ठेवला. मी सरळ दारापर्यंत गेले आणि तो बाहेरच्या गटारीत टाकला. त्यांनी बघितलं. मग मी तिथल्याच नळावर हात धुतला, आणि तेही त्यांनी बघितलं.

या आगाऊपणाची शिक्षा म्हणून जिल्ह्यातली शिबिरं तपासायचं काम माझ्या गळ्यात आलं. प्रमुख म्हणाले, "तुम्हांलाच एवढी तळमळ, तर तुम्हीच बघा." मी बघितलं. जीपमधून हिंडायची, स्टोव्ह पेटलेला आहे का पाहायची, पाण्यात बोट घालून चटका बसतो का बघायची. कागलकडं एका ठिकाणी मी शिबिर बंद पाडलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं माझ्या नावानं भर चौकात शिमगा केला. "सटवीनं आमची दिष्टी खाल्ली," म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. त्याला डोळे हवे होते आणि मध्ये मी उभी होते. डॉक्टर लोक मला पाठीमागं उकळीबाई म्हणायचे. एका जागी माझ्या डोळ्यांदेखत स्टोव्ह पेटवला आणि मी जीपमध्ये बसताच विझवला. मी मागं वळून आले तर सगळे दात काढून हसले, चोरी पकडलेल्या पोरांसारखे. लाज कुणालाच नव्हती.

दोनेक वर्षांनी त्याच चेअरमननी पुन्हा शिबिर जाहीर केलं. आता शाळा नको म्हणून मंगल कार्यालय घेतलं होतं. नव्यानं चुना मारलेल्या भिंती, आणि जिथं नवरा-नवरी बसतात त्या चौथऱ्यावर ऑपरेशनचं टेबल. मी म्हटलं, चालणार नाही.

"आता काय खोट हाय, बाई? चुना बी मारलाय."

"चुन्यानं हत्यारं शुद्ध होत नाहीत, चेअरमन. इथं एकही डोळा कापला जाणार नाही."

बाहेर रांग बसली होती. मी त्यांना सांगायला गेले आणि रांगेत गुळव्याची बायको दिसली. डोळ्यावर हाताचा आडोसा धरून ती आवाजाच्या दिशेनं बघत होती. जवळ गेल्यावर दिसलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"मावशी, तुम्ही? इथं? एवढं होऊन?"

"मग कुठं जाऊ?" ती खेकसली. "कोल्हापूरला कोण नेणार? रोजगार बुडवून पोरगं येत न्हाय. म्हाताऱ्याला हाताला धरून परसाकडला न्यायला माझं तरी डोळं लागत्यात न्हवं? हितं मोटार येतीया, जेवाण मिळतंय, म्हणून आलो. मला ठावं हाय ही कसली माणसं हायती. पर आंधळ्यानं नाक मुरडून भागतंय व्हय?"

ती चिडून बोलत होती आणि मला त्या परिपत्रकाचाच वीट आला. बंद करा, नको, नाही. नियमात सगळं होतं, फक्त या बाईला कोल्हापूरला कोण नेणार ते नव्हतं.

मी तशीच आत गेले. चेअरमनना म्हटलं, "तुमच्याकडं मोटारी आहेत. या सगळ्यांना आमच्या दवाखान्यात पोचवा, जेवणाचं तुम्ही बघा. ऑपरेशनं आम्ही करतो, पट्ट्या सुटल्या की परत आणून सोडा."

"मग माझं नाव?"

"मोटारीला फलक लावा. हवा तेवढा मोठा."

त्यांचा चेहरा खुलला. माणूस इतका स्वस्तात खूश होतो याचीही मला किळस आली. पण मोटारी आल्या. पुढं आणि मागं त्यांच्या नावाचा फलक, त्यावर त्यांचाच हात जोडलेला फोटो, आणि आत पाचटावर नव्हे, बाकांवर बसलेली माणसं. मी जीपमधून मागोमाग आले आणि सगळ्या रस्त्यानं तो हसरा फोटो मला बघावा लागला.

गुळव्याच्या बायकोचा एक डोळा मीच केला. उकळलेली हत्यारं, धुतलेलं टेबल, पुढच्या रोग्याला दुसरा संच. डोळा स्वच्छ राहिला. पुढं जाड भिंगांचा चष्मा आला तो घ्यायला ती नवऱ्याला घेऊन आली. तो डाव्या डोळ्यानं आता हाताची हालचाल ओळखायचा, त्यापलीकडं नाही. गुऱ्हाळ केव्हाच सुटलं होतं. दिवसभर अंगणात बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतो, असं ती सांगत होती.

मी चष्मा तिच्या कानांवर बसवला. तिनं आधी खिडकी बघितली, मग माझी बोटं, मग वळून नवऱ्याकडं बघितलं. मोतीबिंदूच्या धुक्यातून तिनं त्याचं तोंड इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. उजव्या डोळ्याची खोबण आत गेलेली, पापणी चिकटलेली, कडेला सुकलेली घाण. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"काय बघतीस?" तो म्हणाला.

"काय न्हाय. लई वाळलाईस." तिनं पदराचं टोक माझ्या टेबलावरच्या पाण्यात बुडवलं. मी म्हटलं, "मावशी, थांबा, उकळलेलं देते," आणि शेगडीवरच्या भांड्यातलं गार केलेलं पाणी वाटीत घालून स्वच्छ कापूस दिला. तिनं त्याची खोबण हळूहळू पुसून काढली. तो मान वर करून, तोंड वेडंवाकडं करत, पण न हलता बसून राहिला.

बाहेर वऱ्हांड्यात पुढचे रोगी बसले होते. त्यांच्यातल्या एकानं हाक मारली, "बाई, आमचा लंबर कवा?" मी हात धुतले, दुसरा कापूस घेतला आणि त्याला आत बोलावलं.